'इंटिग्रिटी' म्हणजे नुसता प्रामाणिकपणा नव्हे

आमच्या विहारात रविवारी सकाळी वंदना झाली की स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी मुले-मुली तासभर बसतात. मागे एकदा एका मुलाने विचारले, "सर, ऑनेस्टी म्हणजे प्रामाणिकपणा. मग इंटिग्रिटी म्हणजे काय? गाईडमध्ये दोन्हींपुढे प्रामाणिकपणाच लिहिलंय. पेपरात फरक विचारला तर काय लिहू?" आम्ही उत्तर द्यायच्या आधीच मागे बसलेले एक निवृत्त कारकून म्हणाले, "सचोटी लिही. आमच्या गोपनीय अहवालात तोच रकाना असायचा." इंजिनिअरिंगची एक मुलगी म्हणाली, "आमच्याकडे इमारतीची इंटिग्रिटी बघतात." आणि तिसऱ्याने संविधानाची उद्देशिका म्हणून दाखवली. तिच्या इंग्रजी पाठात राष्ट्राच्या एकतेबरोबर इंटिग्रिटी आहे आणि मराठी पाठात त्या जागी 'एकात्मता' आहे.

तिघेही बरोबर होते. एकच शब्द माणसाला, इमारतीला आणि देशाला लागतो, तेव्हा त्याच्या पोटात प्रामाणिकपणापेक्षा मोठे काहीतरी असणार. त्या दिवशी तासभर त्यावरच बोलणे झाले आणि नंतर आम्ही थोडे वाचलेही. हा शब्द आपल्या मुलांच्या परीक्षेत, नोकरीत आणि चळवळीतही आडवा येतो, म्हणून ते इथे मांडतो आहोत.

आधी ऑनेस्टी घेऊ. हा शब्द लॅटिनमधल्या 'ऑनेस्टुस'वरून आला आहे आणि त्याचे मूळ आहे 'ऑनर', म्हणजे मान. जुन्या रोममध्ये ऑनेस्ट माणूस म्हणजे प्रतिष्ठित माणूस, ज्याला समाजात मान आहे असा. खरे बोलण्याशी त्याचा संबंध पुढे जुळला. इंग्रजीतही काही शतकांपूर्वी बाईला ऑनेस्ट म्हटले तर तिच्या चारित्र्याविषयी बोलणे असे, खरेपणाविषयी नव्हे. शेक्सपिअरच्या 'ऑथेल्लो' नाटकात ज्याला सगळे पुन्हा पुन्हा 'ऑनेस्ट' म्हणतात तो इयागो हाच त्या नाटकातला सर्वांत मोठा कपटी. थोडक्यात, ऑनेस्ट ही पदवी लोक देतात आणि लोक चुकूही शकतात.

इंटिग्रिटीचे मूळ वेगळे. लॅटिनमध्ये 'इंटेगेर' म्हणजे पूर्ण, अखंड. गणितात आपण ज्याला पूर्णांक म्हणतो तो 'इंटिजर' हाच. 'इंटिग्रेशन', 'इंटिग्रेटेड कोर्स' हे त्याच घरातले. पण 'इंटेगेर' हा शब्दही दोन तुकड्यांचा आहे. पहिला तुकडा 'इन', म्हणजे नाही. दुसरा 'टांगेरे' या क्रियापदाच्या धातूचा, म्हणजे स्पर्श करणे. ज्याला स्पर्श झालेला नाही, हात लागलेला नाही, म्हणून जे मोडलेले-डागाळलेले नाही, ते इंटेगेर. 'इन्टॅक्ट' हा त्याचा सख्खा भाऊ.

हे वाचताना आम्ही थांबलो. न + स्पर्श. आपल्या संस्कृतजन्य भाषेत अगदी असाच एक शब्द आहे. 'अ' आणि 'स्पृश्', अस्पृश्य. घडण तशीच, धातूचा अर्थही तोच. तिकडे त्या घडणीतून माणसाला देता येणारी मोठी प्रशंसा निघाली, आणि इकडे त्याच घडणीतून असा शब्द निघाला की तो पाळणे हा गुन्हा ठरवायला संविधानात सतरावे कलम घालावे लागले. तिकडे न शिवलेला म्हणजे निष्कलंक, इकडे न शिवण्यासारखा म्हणजे कलंकित. दोन शब्दांचा एकमेकांशी काही संबंध नाही, ते वेगवेगळ्या देशांत वाढले. तरीपण आपल्यापैकी कोणी हा शब्द शिकताना ही गोष्ट लक्षात ठेवली, तर त्याचा अर्थ पुन्हा विसरणार नाही एवढे नक्की.

आता मराठीकडे. आपल्याकडे या अर्थाचे शब्द कमी नाहीत. 'इमान' अरबीतून आले, त्याचा मूळ अर्थ श्रद्धा. 'सचोटी' सचाईच्या कुळातली. 'निष्ठा' कोणावर तरी असावी लागते. आणि 'प्रामाणिक' आला प्रमाणावरून. या शेवटच्या शब्दावर आपला थोडा हक्क आहे. दिङ्नागाने 'प्रमाणसमुच्चय' लिहिला, धर्मकीर्तीने 'प्रमाणवार्तिक'. या बौद्ध आचार्यांनी ज्ञानाची दोनच प्रमाणे मानली, प्रत्यक्ष आणि अनुमान. ग्रंथात लिहिले आहे म्हणून खरे, हे तिसरे स्वतंत्र प्रमाण त्यांनी मानले नाही. त्या अर्थाने प्रामाणिक माणूस म्हणजे कसोटीला उतरणारा माणूस. मालकाने पाठ थोपटली म्हणून कोणी प्रामाणिक होत नाही.

पण व्यवहारात हा शब्द बहुतेक वेळा मालकाच्याच तोंडी राहिला. 'नोकर प्रामाणिक आहे', 'गडी इमानी आहे'. इमानी हे विशेषण आपण आणखी कोणत्या प्राण्याला लावतो ते सांगायला नको. आपल्या पूर्वजांचा इतिहास आठवा. गावचा सारा तालुक्याच्या खजिन्यात पोचवायचा तो महाराने. गावची हद्द कुठपर्यंत हा तंटा उभा राहिला की साक्ष काढायची महाराची. रात्री गस्त त्याची. म्हणजे गावाचा पैसा, गावाची जमीन आणि गावाची झोप ज्याच्या खरेपणावर सोपवली होती, त्याला पाणवठ्यावर जाता येत नव्हते. त्याच्या ऑनेस्टीबद्दल गावाला शंका नव्हती. त्या शब्दाच्या मुळात असलेला ऑनर मात्र त्याला कोणी दिला नाही. बाबासाहेबांनी 1928 मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले. कामाला ठरलेला मोबदला आणि माणसाला मोकळीक, ही त्यामागची मागणी होती. इनामाच्या तुकड्यापायी पिढ्यानपिढ्या राबणाऱ्याला प्रामाणिक म्हणत राहणे गावाला परवडत होते.

म्हणून आम्हाला वाटते की ऑनेस्टी आणि इंटिग्रिटी यांतला फरक आपल्या समाजाइतका कोणाला चटकन कळू नये. गुलामही ऑनेस्ट असू शकतो. इंटिग्रिटीला मात्र स्वतःचा कणा लागतो. बाबासाहेब आपली तीन उपास्य दैवते सांगत, विद्या, स्वाभिमान आणि शील. स्वाभिमान आणि शील एकाच माणसात शेजारी-शेजारी उभे राहिले की जे होते, त्याला इंग्रजीत इंटिग्रिटी म्हणतात असे आमचे मत आहे. 1951 च्या सप्टेंबरात हिंदू कोड बिल बाजूला पडल्यावर त्यांनी कायदेमंत्रिपद सोडले. राजीनाम्याच्या निवेदनात त्यांनी इतर कारणेही दिली आहेत, ती सगळी वाचण्यासारखी आहेत. खुर्चीवर बसून 'मी प्रामाणिक प्रयत्न केले' असे म्हणायला कोणाची हरकत नव्हती. त्यात खोटेही काही नव्हते.

पेपरात लिहायचा फरक साध्या उदाहरणाने सांगता येतो. एका कचेरीतला बाबू उघड सांगतो, "दाखल्याचे दोनशे लागतील, लपवाछपवी नाही." तो खोटे बोलत नाही. त्याला ऑनेस्ट म्हणायला जीभ अडखळते, आणि इंटिग्रिटी तर त्याच्याजवळ नाहीच. उलट बाजूने, शिक्षिकेला विद्यार्थिनीने विश्वासाने घरची गोष्ट सांगितली आणि शेजारणीने विचारल्यावर शिक्षिका गप्प राहिली. तिने सगळे उघड केले नाही, पण तिची इंटिग्रिटी शाबूत आहे. ऑनेस्टी बहुतेक वेळा बोलण्याची असते, समोरच्याशी असते. इंटिग्रिटी माणसाच्या सगळ्या बाजू जुळतात की नाही याची असते. सभेतला, घरातला, हिशेबाच्या वहीसमोरचा आणि कोणी बघत नसतानाचा माणूस एकच आहे का, हे ती विचारते.

ब्रिटनमध्ये 1995 साली नोलन समितीने सार्वजनिक जीवनासाठी सात तत्त्वे सांगितली, त्यांत इंटिग्रिटी आणि ऑनेस्टी वेगवेगळी मोजली आहेत. इंटिग्रिटीखाली समितीने खरे-खोटे काढलेच नाही. आपल्या कामावर दबाव येऊ शकेल अशा कोणत्याही व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या पैशाच्या वा इतर उपकाराखाली सार्वजनिक पदावरच्या माणसाने जाऊ नये, असा तिचा आशय आहे. इथे पुन्हा तो जुना अर्थ डोकावतो. हात लागू न देणे.

या व्याख्येची कसोटी आपल्या जयंतीच्या मंडपातच लावून पाहा. वर्गणीचा हिशेब चोख आहे, पावत्या फाडल्या आहेत, शिल्लक रक्कम फलकावर लिहिली आहे. ऑनेस्टी पूर्ण. आणि साऊंडचा खर्च ज्याने 'आपुलकीने' उचलला तो येत्या निवडणुकीतला उमेदवार आहे, त्याचा फोटो बाबासाहेबांच्या फोटोपेक्षा मोठा आहे. पुढच्या वर्षी त्याच्या माणसांनी वस्तीतल्या कोणाला मारहाण केली तर मंडळाचे पदाधिकारी पोलीस ठाण्यात येतील का? आम्ही स्वतः अशा मंडळात काम केले आहे, अशा मंडपात पहिल्या रांगेत बसलो आहोत, म्हणून हे बाहेरून बोट दाखवणे नाही. हिशेबात एक रुपयाही इकडचा तिकडे झाला नव्हता. तरी एका प्रकरणात निवेदन द्यायची वेळ आली तेव्हा निम्मे जण "आता कशाला वाकडे घ्यायचे" म्हणून घरी राहिले. खोटे कोणीच बोलले नाही.

नोकरीतली गोष्ट आणखी वेगळी, आणि तिथे या शब्दाची धार आपल्यावर चालू शकते. केंद्राच्या 1964 च्या वर्तणूक नियमांत कर्मचाऱ्याने नेहमी 'ॲब्सोल्यूट इंटिग्रिटी' राखावी असे आहे, राज्याच्या 1979 च्या नियमांतही तसेच आहे. सरकारी मराठीत ती 'नितांत सचोटी' होते. दरवर्षीच्या अहवालात वरिष्ठाने या गुणाबद्दल लिहायचे असते. आता यातली मेख समजून घ्या. केंद्र सरकारच्या जुन्या, 1965 पासूनच्या सूचनेनुसार शंका नसेल तर 'सचोटी संशयातीत' अशा अर्थाचे लिहायचे. शंका असेल तर रकाना कोरा सोडायचा, वेगळी गुप्त टिपणी करायची आणि चौकशी पुढे न्यायची. चौकशीत शंका खरी ठरली किंवा खोटी ठरली तर तसे कर्मचाऱ्याच्या नोंदीत यायला हवे. म्हणजे कुजबुज ऐकून 'सचोटी संशयास्पद' असे लिहून मोकळे व्हायला वाव नाही. कोऱ्या रकान्यालाही अर्थ आहे आणि तो तसाच टांगून ठेवायचा नाही.

हे आमच्या मुलांना सांगणे यासाठी गरजेचे वाटते की आरक्षणातून आलेल्या अधिकाऱ्याच्या कामात खोट काढता आली नाही की पुष्कळदा या एका शब्दाचा आधार घेतला जातो, असे अनुभव आम्ही ज्येष्ठांकडून वारंवार ऐकले आहेत. काम मोजता येते, सचोटीची शंका मोजता येत नाही. 2008 मध्ये देव दत्त विरुद्ध भारत सरकार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की सरकारी कर्मचाऱ्याच्या वार्षिक अहवालातली प्रत्येक नोंद, चांगली असो वा वाईट, त्याला कळवली पाहिजे. 2013 मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने त्यावर शिक्कामोर्तब केले. तेव्हा नोकरीत असलेल्या बांधवांनी आपला अहवाल दरवर्षी मागून घ्यावा, हा रकाना आधी वाचावा आणि हरकत असेल तर मुदतीत लेखी द्यावी. पदोन्नतीच्या वेळी जागे होण्यात अर्थ नसतो.

पीएच.डी. करणाऱ्यांसाठीही हा शब्द आता नियमात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांचे नावच 'ॲकॅडेमिक इंटिग्रिटी'ला चालना देण्याचे आहे. प्रबंधातले साम्य 10 टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. त्याहून जास्त ते 40 टक्क्यांपर्यंत असेल तर ठरावीक मुदतीत, फार तर सहा महिन्यांत, दुरुस्त करून पुन्हा द्यायचा. 60 पर्यंत गेले तर एक वर्ष बंदी, आणि त्यापुढे नोंदणीच रद्द. गाईडने सांभाळून घेतले तर चालते, या भ्रमात राहू नये.

आणि याच शब्दाखाली आपल्या चळवळीचा एक दुखरा भाग येतो. बाबासाहेबांच्या नावावर मोबाईलवर फिरणारी वाक्ये. फोटो छान, अक्षरे मोठी, खाली सही. कोणत्या ग्रंथात, कोणत्या भाषणात, विचारले की राग येतो. महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचा पहिला खंड 1979 मध्ये काढला, पुढचे खंड त्यानंतर येत गेले. शोधायला जागा आहे. ज्याने आयुष्यभर प्रत्येक विधानाला आधार दिला, त्या माणसाच्या तोंडी आपण न बोललेले वाक्य घालतो आणि वर त्याला आदर म्हणतो. विरोधकाने एक वाक्य खोटे ठरवले की तो उरलेली शंभर खरी वाक्येही त्याच टोपलीत टाकतो. मजकूर पुढे ढकलण्याआधी खंड आणि पान विचारायची सवय आपल्या तरुणांनी लावून घेतली तर पाचव्या मिनिटाला बरेच गट शांत होतील. होऊ देत.

पालीत या अर्थाला काय म्हणतात, हेही त्या रविवारी एका आजींनी विचारले. सच्च हा शब्द सर्वांना माहीत आहे, दहा पारमितांपैकी ती एक. पण इंटिग्रिटीच्या जवळचा शब्द आपण दररोज म्हणतो आणि लक्ष देत नाही. संघवंदनेतला 'उजुपटिपन्नो'. उजु म्हणजे सरळ, वाकडे नसलेले. सरळ मार्गाने चाललेला, असा त्याचा अर्थ. करणीयमेत्त सुत्तातही सुरुवातीलाच 'उजु' आणि 'सुहुजु' येतात. सरळ, आणि चांगलाच सरळ. आणि तथागतांचे एक वर्णन आहे, यथावादी तथाकारी, जसे बोलणे तशी करणी. परीक्षेत इंटिग्रिटीची व्याख्या करायला याहून नेमके काही सापडेल असे आम्हाला वाटत नाही. मुलांनी ते बिनदिक्कत लिहावे, फक्त संदर्भासहित.

मज्झिम निकायात राहुलला केलेला उपदेश आहे, अम्बलट्ठिकाराहुलोवाद सुत्त. राहुल तेव्हा परंपरेनुसार सात वर्षांचा. तथागत त्याच्याकडे आले, त्याने आसन मांडले, पाय धुवायला पाणी ठेवले. पाय धुतल्यावर भांड्यात जरासे पाणी उरले होते. ते दाखवून तथागत म्हणाले की जाणूनबुजून खोटे बोलायला ज्याला लाज वाटत नाही त्याचे श्रमणपण एवढेसेच. मग ते पाणी ओतून दिले, भांडे उपडे केले, पुन्हा सरळ केले तर ते रिकामे. प्रत्येक वेळी तीच गोष्ट. पुढे राजाच्या हत्तीचा दाखला येतो. युद्धात तो पाय वापरतो, दात वापरतो, पण सोंड जपून ठेवतो, तोवर त्याने जीव सोडलेला नाही. सोंडही वापरू लागला की आता तो काहीही करील. खोटे बोलण्याची लाज गेली की माणसाचे तसेच होते. आणि मग आरसा. आरसा कशासाठी? बघण्यासाठी. तसे कायेने, वाचेने, मनाने काही करायच्या आधी, करताना आणि करून झाल्यावर बघावे. सात वर्षांच्या मुलाला चौथे शील शिकवताना सुरुवात खोटे बोलण्यापासून झाली आणि शेवट तिन्ही द्वारे एकत्र तपासण्यावर झाला. ऑनेस्टीपासून इंटिग्रिटीपर्यंतचा प्रवास तिथे एका बैठकीत पुरा होतो.

सम्राट अशोकाने राजस्थानातल्या बैराट इथल्या शिलालेखात भिक्खू-भिक्खुणी आणि उपासक-उपासिकांनी वारंवार ऐकावेत असे काही उपदेश नावाने सांगितले आहेत. खोटे बोलण्याविषयी राहुलला केलेला उपदेश त्यांत आहे. तो शिलाखंड आज कोलकात्याला एशियाटिक सोसायटीत आहे.

वापराबद्दल दोन-तीन गोष्टी, कारण मुलाखतीत यावर हसू होते. उच्चार इंटेग्रिटी किंवा इंटिग्रिटी, दुसऱ्या अक्षरावर जोर. 'इंटिग्रेटी' नव्हे. या नामापासून ऑनेस्टसारखे रोजचे विशेषण इंग्रजीत रुळलेले नाही. 'ही इज इंटिग्रेटेड' म्हटले तर अर्थ भलताच होतो आणि 'इंटिग्रल' म्हणजे अविभाज्य. म्हणून 'अ पर्सन ऑफ इंटिग्रिटी' असेच म्हणावे लागते. कागदोपत्री मराठी करताना माणसाला सचोटी, देशाला एकात्मता, इमारतीला भक्कमपणा, आणि संगणकातल्या माहितीला अबाधितता. यूपीएससीच्या मुख्य परीक्षेत 2013 पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर 250 गुणांचा आहे आणि त्याच्या नावातच हा शब्द आहे. एमपीएससीने 2025 पासून वर्णनात्मक पद्धत आणली, त्यातही तो आहे.

तो मुलगा पुढच्या रविवारी उत्तर लिहून घेऊन आला. दीडशे शब्दांत बसवले होते. बाबूचे उदाहरण घेतले होते, राहुल घेतला होता, नोलनही होता. शेवटी त्याने बाबासाहेबांचे म्हणून एक वाक्य टाकले होते. आम्ही विचारले, "खंड कितवा?" तो जरा हसला, पेन उघडले आणि ती ओळ खोडली.